माशाच्या नजरेच्या वर

क्रॅपी हा मासा आपल्याकडे मिळत नाही. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला हा मासा. चपटा, रुपेरी, अंगावर काळसर ठिपके आणि चवीला गोड. त्याचे डोळे असे बसवलेले आहेत की त्याला वरचं चांगलं दिसतं, खालचं फारसं नाही. तो भक्ष्य घेतो ते बहुधा वर उठून. त्याच्यासाठी गळ बांधण्याची सगळी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते.

२०२३च्या एप्रिलमध्ये मी टेनेसी राज्यात भाच्याकडे होतो. जवळ केंटकी लेक नावाचा प्रचंड जलाशय आहे. टेनेसी नदीवरचं धरण १९४४मध्ये पुरं झालं, त्याचं हे पाणी. आपलं दामोदर खोरे महामंडळ ज्या संस्थेच्या नमुन्यावर १९४८मध्ये उभं राहिलं, तिनेच बांधलेलं हे धरण. भाच्याचे शेजारी सत्तरीचे, जन्मभर ट्रक चालवलेले. आदल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला. डाव्या हाताने काठी उचलता येई, पण गाठ मारता येत नसे. तिकडे डॉगवुडची झाडं फुलली की क्रॅपी अंडी घालायला काठाकडे येतात, असं म्हणतात. झाडं फुलली होती आणि हा माणूस खिडकीत बसून होता.

"मामू, तुम्ही बांधून द्याल का त्यांना?" भाच्याने विचारलं. अब्बा खाडीवर गळ टाकत, त्यामुळे तंगुसाची गाठ माझ्या बोटांत लहानपणापासून आहे. पाहुण्यालाही परवाना लागतो. तो काढला आणि निघालो.

त्यांनी सांगायचं, मी बांधायचं. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं आणि त्यांचं बोलणं झटक्यानंतर जड झालेलं. पण गाठीची भाषा दोघांनाही येत होती.

जिग म्हणजे डोक्याशी शिसं ओतलेला गळ. वजन जेमतेम पावणेदोन ग्रॅम, कधी त्याच्याही निम्मं. मागे पिसांचा किंवा मऊ प्लास्टिकचा झुपका, म्हणजे चिमुकला मासा वाटावा. (न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात शिशाच्या अशा लहान जिग विकायला बंदी आहे. लून नावाचा पाणपक्षी त्या गिळून मरतो.) बॉबर म्हणजे वर तरंगणारं बूच. उथळ पाण्यात ते तंगुसाला नुसतं चिमटलं तरी चालतं. पण सात-आठ फूट खाली जायचं, तर एवढा लांब तंगूस लोंबकळत फेकणार कसा? म्हणून सरकतं बूच. आधी तंगुसावर वेगळ्या धाग्याची एक बारीक गाठ घट्ट बसवायची. मग एक मणी, मग बूच आणि शेवटी जिग. फेकताना बूच खाली जिगजवळ असतं. पाण्यात पडल्यावर जिग बुडत जाते, तंगूस बुचातून सरकत राहतो, आणि गाठ मण्याला येऊन टेकली की थांबतो. मणी नसेल तर गाठ बुचाच्या भोकातून निसटते. गाठ वर-खाली सरकवली की खोली बदलते.

आमच्या खाडीत गळ तळाला बसवतात. इथे नेमकं उलटं. मासे सात फुटांवर बुडालेल्या झाडोऱ्यात असतील, तर जिग साडेसहा फुटांवर हवी. माशाच्या खाली गेली की ती त्याच्या लेखी नाहीच. ते म्हणत, "अजून सहा इंच वर." मी धाग्याची गाठ सरकवी.

त्यांचा खरा कटाक्ष मात्र जिगच्या गाठीवर. जिग पाण्यात आडवी राहिली पाहिजे, कारण जिवंत पिल्लू आडवंच पोहतं. तंगुसाची गाठ जिगच्या कडीवर बरोबर माथ्याशी हवी. ती पुढे घसरली की जिग नाक वर करून लोंबते. हे काही विक्रेते सांगत नाहीत. ते रंग विकतात.

बूच जमेल तितकं लहान आणि सडपातळ घ्यावं. मोठ्या बुचाचा ओढा लागला की मासा जिग थुंकून टाकतो. शिवाय क्रॅपी खालून येऊन जिग वर उचलतो. बुचावरचा भार जातो आणि ते बुडण्याऐवजी पाण्यावर आडवं पडतं. बुडण्याची वाट पाहणारा मग पाहतच राहतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बूच असं लोळलं. क्रॅपीचा जबडा कागदासारखा, हिसका दिला तर फाटतो. त्यांनी डाव्या हाताने काठी सावकाश उचलली, मी जाळी धरली. मासा पट्टीवर अकरा इंच भरला. दहाच्या आत असता तर परत सोडावा लागला असता.

मासा बादलीत टाकून त्यांनी काठी माझ्याकडे वळवली. "गाठ बघा, पुढे सरकली असेल," म्हणाले.

सरकली होती. मी ती नखाने मागे आणली.