बंदूक आधी की बोलणं आधी?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात अल अमेरात येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरात म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेटचं मैदान आठवतं. २०२१ साली टी-२० विश्वचषकाचा पहिला सामना इथेच झाला आणि ओमानने पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवलं. आपली मुलं मात्र आणखी एका मैदानावर खेळतात, दार लावून घेतलेल्या खोलीत. बाहेर नुसता धाडधाड आवाज येतो आणि आपण ओरडतो, "बंद कर ती मारामारी!" आज मला त्या मारामारीच्या मधे जे बोलणं असतं, त्याबद्दल सांगायचं आहे.

'मास इफेक्ट' हा विज्ञानकथेवरचा व्हिडिओ गेम २००७ साली कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने काढला. (अमेरिकेत त्यावर सतरा वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे, तेव्हा चौथीतल्या चिरंजीवांच्या हाती देऊ नका, ही विनंती.) आपण असतो कमांडर शेपर्ड. दोन साथीदार बरोबर घ्यायचे आणि ग्रहाग्रहांवर फिरायचं. लढाई ऐन रंगात असताना वेळ थांबवून कोणी काय करायचं ते ठरवता येतं. आणि बोलायची वेळ आली की पडद्यावर एक चक्र येतं. वर सौम्य उत्तर, खाली कडक उत्तर. गोड बोलणं आणि धमकावणं ही इथे नेमबाजीसारखीच कौशल्यं आहेत. अनुभवातून मिळालेले गुण त्यांवर खर्च करावे लागतात, आणि जो गुण बोलण्यावर खर्च झाला तो पिस्तुलाच्या वाट्याला येत नाही. म्हणजे शिष्टाई फुकट मिळत नाही!

याचा कस लागतो तो वर्मायर नावाच्या ग्रहावर. रेक्स हा आपला साथीदार क्रोगन जातीचा, वयाने शेकडो वर्षांचा. त्याच्या जातीवर परक्यांनी असा रोग सोडलाय की बहुतेक मुलं जगतच नाहीत. त्यावरचा इलाज शत्रूच्या तळावर सापडतो, आणि तोच तळ उडवायचा हुकूम आपल्याकडे असतो. रेक्स समुद्रकिनाऱ्यावर बंदूक रोखून उभा राहतो. त्याचं चूक आहे का, सांगा बरं? बोलण्याचं कौशल्य पुरेसं असेल, किंवा त्याच्या घराण्याचं चिलखत आधी शोधून दिलेलं असेल, तर तो ऐकतो. नाहीतर तिथेच मारला जातो. पुढे २०१२ साली तिसरा भाग आला. जुना खेळ जपून ठेवला असेल तर जगलेला रेक्स त्यात आपल्या जातीचा शहाणा पुढारी म्हणून भेटतो. तो गेला असेल तर त्याच्या जागी एक भाऊबंद असतो, आणि त्याला फक्त सूड दिसतो. पाच वर्षांपूर्वी बोललेलं वाक्य असं उभं राहतं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. मन वळवणारी उत्तरं इथे निळ्या आणि लाल रंगात येतात. मग मुलं वाचतच नाहीत, निळं दिसलं की दाबलं! त्यापेक्षा १९९७ सालचा 'फॉलआउट' मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यातला मास्टर नावाचा खलनायक सगळ्या माणसांचं रूपांतर एकाच बलाढ्य जातीत करायला निघालाय, म्हणजे भांडणंच उरणार नाहीत. या नव्या जातीला मुलं होऊच शकत नाहीत, हे त्याला पटवायचं. पण आपण आधी वणवण करून शवचिकित्सेची नोंद मिळवलेली असावी लागते. पुरावा पाहिल्यावर तो खचतो आणि स्वतःचा तळ स्वतःच उडवून देतो. शेवटची लढाई होतच नाही.

आपल्याला हे काही परकं नाही. महाभारतात भीष्मपर्वाच्या आधी उद्योगपर्व येतं, आणि त्यात कृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरात जातो. ती फसते, तरी तो जातो.

आता आपल्या घरचं. या खेळांत शेपर्ड इंग्रजीत बोलतो, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. कॉलेजच्या वयाच्या आपल्या तीन मुलांना मी रेक्सचा तो प्रसंग मराठीत लिहायला सांगितला. एकाने लिहिलं, "रेक्स, बंदूक खाली ठेव." दुसरा म्हणाला, शेकडो वर्षांच्या म्हाताऱ्याला अरेतुरे? "बंदूक खाली ठेवा" पाहिजे. त्यावर पहिला म्हणे, शेपर्ड कमांडर आहे, हाताखालच्याला कोण अहोजाहो करतं? तिसरी मुलगी बराच वेळ गप्प होती. तिने आधी सगळीकडे "तुम्ही" लिहिलं आणि रेक्सने बंदूक रोखल्यावर एकाच ठिकाणी "तू" केलं: "तुमच्या लोकांसाठी मीही लढेन. पण आज तू माझ्यासमोर बंदूक धरलीस, हे मी विसरणार नाही." यावर अर्धा तास वाद झाला, आणि तोही चक्क मराठीत. असा वाद इथे आखातात वाढलेल्या मुलांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. खेळाच्या चक्रात हा "तू" कुठेच नाही, निळ्यातही नाही आणि लालमध्येही नाही.

तिघांचे कागद चहाच्या टेबलाजवळ लावले आहेत. शेजारी कोरे कागदही ठेवलेत, आजी-आजोबांनीही आपलं वाक्य लिहावं. मदतपेटी तिथेच आहे, तिच्यावरून नजर चुकवून जाऊ नका.