सागरेश्वरला झूम, कासला मोठा सेन्सर

सागरेश्वर अभयारण्याच्या टेकडीवरचं सांबर टिपायचं, तर खिशात मावणारा ३० पट झूमचा कॅमेरा घ्या. प्राण्याच्या जवळ जावं लागत नाही, हे मोठंच. पण त्याचा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. सांगलीच्या कृष्णाघाटावर दिवेलागणीला आयएसओ वाढवला, की फोटो रवाळ होतो.

याउलट २०११चा फुजीफिल्म एक्स १०० हा रेंजफाइंडर धाटणीचा कॅमेरा. १२ मेगापिक्सेल, झूम अजिबात नाही. सेन्सर मात्र क्षेत्रफळाने त्या झूम कॅमेऱ्याच्या जवळपास १३ पट, भिंग एफ २. कास पठारावरच्या ढगाळ उजेडात तेरड्याचा गुलाबी रंग टिपायला माझी पसंती यालाच. जुना घेताना अ‍ॅपर्चरची पाती अडकत नाहीत ना, एवढं जरूर तपासा. आणि कासला फोटो पायवाटेवरूनच काढा. फुलं तुडवू नका.