समुद्रपूरचे आकाश आणि ग्रहविज्ञानाची परिषद

(समुद्रपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रपूरला समुद्र कोठे आहे, असे विचारून बाहेरगावचे पाहुणे आपली थट्टा करतात. यापुढे कोणी असे विचारले, तर त्यास पौर्णिमेच्या चंद्राकडे बोट दाखवावे. चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, त्यांना सतराव्या शतकातील युरोपीय ज्योतिर्विदांनी समुद्रांचीच नावे दिली आहेत. १९६९ च्या जुलै महिन्यात आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन उतरले ते अशाच एका 'शांतिसागरा'त. तेथे पाण्याचा थेंबही नव्हता. होता तो थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट. आपल्या तालुक्याचा बराचसा भाग याच जातीच्या पाषाणावर वसलेला आहे. आपल्या विहिरी याच पाषाणात खोदल्या जातात आणि आपली कापसाची काळी माती याच पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे. तेव्हा आजच्या विषयाचा समुद्रपूरशी काय संबंध, या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या पायाखालीच आहे.

ज्या परिषदेविषयी बोलण्यास आपण मला पाचारण केले, ती चांद्र व ग्रहविज्ञान परिषद होय. तिचा जन्म या काळ्या पाषाणातूनच झाला. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी सुमारे २२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली. ती निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांना वाटून देण्यात आली आणि १९७० च्या जानेवारीत अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सर्व संशोधक आपापले निष्कर्ष घेऊन एकत्र जमले. तेव्हापासून ही परिषद भरत आली आहे. अलीकडे ती ह्यूस्टनजवळच मार्च महिन्यात भरते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही चंद्रावरील नमुने आले. देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आदी शास्त्रज्ञांनी त्या कणांवर वैश्विक किरणांनी सोडलेल्या सूक्ष्म खुणा वाचल्या.

त्या पहिल्या परिषदेतील एक कथा मला फार प्रिय आहे. जॉन वुड नावाचे शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी चांद्रमातीतील बारीक खडे एकेक करून निवडत होते. आपल्या घरी तांदूळ निवडतात तसेच म्हणा ना! बहुतेक खडे काळे होते, पण शेकड्यात थोडेसे पांढरट निघाले. दुसऱ्या एखाद्याने ते कचरा म्हणून बाजूला सारले असते. वुड यांनी विचार केला की, हे खडे या काळ्या 'समुद्रा'तले नव्हेत. दूरच्या पांढऱ्या डोंगराळ भागात उल्काघात झाले असावेत आणि त्यांनी हे उडवून येथे आणून टाकले असावेत. मग ते डोंगर या हलक्या पांढऱ्या खडकाचे असले पाहिजेत. आणि हलका खडक सर्वत्र वर आला असेल, तर आरंभी अवघा चंद्र वितळलेल्या रसाचा असला पाहिजे. दुधावर साय येते तसा हा खडक वर तरंगला असला पाहिजे. काही मिलिमीटरच्या खड्यांवरून एका गोलाचा जन्मवृत्तांत! तोच विचार दुसऱ्या एका गटानेही स्वतंत्रपणे त्याच परिषदेत मांडला होता.

ही गोष्ट तेथेच संपली नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले, हे आपल्या शाळांतील मुलांनीही पाहिले आहे. 'प्रज्ञान' बग्गीवरील उपकरणाने तेथील मातीची २३ मापने घेतली. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेने २०२४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ती माती मुख्यत्वे त्याच पांढऱ्या खडकाच्या जातीची असल्याचे दिसून आले. जे अनुमान १९७० साली मूठभर खड्यांवरून केले गेले होते, त्याला त्रेपन्न वर्षांनी भारतीय बग्गीने दुसऱ्या टोकावरून दुजोरा दिला. मुलांना टाळ्या वाजवावयास लावणे चांगलेच आहे. पण टाळ्या ज्या कारणासाठी वाजवावयाच्या, ते हे आहे.

आता आमच्यासारखे हौशी लोक या परिषदेत काय करतात, ते सांगतो. आम्ही तेथे जात नाही. तेवढा पैसा आमच्यापाशी नाही. परिषदेत वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाचा दोन पानांचा गोषवारा इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहता येतो. २०२० साली महामारीमुळे परिषद रद्द झाली, २०२१ मध्ये ती संपूर्णपणे दूरस्थ पद्धतीने भरली आणि त्यानंतर शुल्क भरून घरबसल्या ऐकण्याचीही सोय झाली. मार्चमध्ये तेथे सकाळचे साडेआठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. आम्ही चार-सहा शिक्षक त्या सुमारास एकत्र बसतो आणि गोषवारे वाचून त्यांतील एखादा मराठीत मांडण्याचा प्रयत्न करतो. पहिल्या वर्षी दहा ओळींपैकी सात कळल्या नाहीत, हे कबूल केले पाहिजे. आजही तीन कळत नाहीत. परंतु चित्रे, नकाशे व मोजमापे यांना भाषेची अडचण फारशी येत नाही आणि न कळलेल्या ओळी पुढील वर्षाच्या अभ्यासास उपयोगी पडतात. अहमदाबादच्या प्रयोगशाळेकडूनही अलीकडच्या काळात भारतीय ग्रहविज्ञान परिषद भरविली जाते. आपल्या महाविद्यालयांनी तिच्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

हे वाचत असता मला आपल्या गिरडची आठवण झाली. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर विखुरलेले गोल, गुळगुळीत खडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली आणि बाबांनी त्यांच्या नारळादी मालाचे दगड करून टाकले, ही कथा इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहे. कथेचा मान कथेच्या जागी राहू द्या. मी तिच्या वाटेस जात नाही. भूविज्ञान असे सांगते की, लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि पाण्याबरोबर आलेली खनिजे तेथे साचून त्यांचे गोळे बनले. या खनिजांस झिओलाइट म्हणतात. भोवतालचा पाषाण झिजला, गोळे उरले. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना तेथील पाषाणातही झिओलाइट वर्गातील खनिजाच्या खुणा आढळल्या आहेत आणि 'मंगळावर कधी काळी पाणी कसे वाहत होते' या प्रश्नावरील चर्चेत त्यांचा आधार घेतला जातो. गिरडच्या यात्रेस जाणाऱ्या मुलास एवढे सांगितले, तर भूगोलाचा एक पाठ होऊन जातो. मात्र खडे पिशव्या भरभरून घरी नेऊ नयेत, ही माझी विनंती आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तर या शास्त्राचे तीर्थच आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे, असे पुष्कळ काळ मानले जाई. तेथे भोके घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाखेरीज निर्माण न होणारी काच सापडली आणि १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी ते आघाताने झाल्याचे दाखवून दिले. बेसाल्टमध्ये पडलेले असे सुस्थितीतील विवर पृथ्वीवर दुर्मिळ आहे. चंद्र व मंगळ मात्र अशा विवरांनी भरले आहेत. म्हणूनच तेथील विवरे समजून घेऊ इच्छिणारे अभ्यासक लोणारला येतात.

यापुढील भाग पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. गावकऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी ते तुकडे गोळा केले. पुढे २०२१ मध्ये त्या अशनीत ब्रिजमनाइट हे खनिज आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलवर हेच खनिज सर्वाधिक आहे, परंतु तेथून ते कोणास हाती आणता येत नाही. ते काटोलच्या छपरांवर व शेतांत येऊन पडले होते! कोणी ते दगड फेकून दिले असते, किंवा शेंदूर लावून ठेवले असते, तर ही गोष्ट कोणासही कळली नसती.

आणि २ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ आपणांस स्मरत असेलच. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. चीनच्या एका अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी म्हटले. मी अंगणात उभा राहून ते दृश्य पाहिले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'निरीक्षण करताना प्रथम घड्याळ पाहा' असे सांगत आलेला मी, त्या क्षणी घड्याळ पाहावयास विसरलो. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी पाच वेळा सांगितल्या, दिशाही निरनिराळ्या. आणि त्यांतली कोणती खरी, हे ठरविण्यास माझ्यापाशी काही नव्हते.

म्हणून काही गोष्टी आजच ध्यानी घ्याव्यात. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. उपग्रहाचे वा अग्निबाणाचे अवशेष संथपणे, तुकडे होत, अर्धा-एक मिनिट जाताना दिसू शकतात. वेळ, दिशा, किती सेकंद दिसले आणि आवाज आला काय, हे लगेच लिहावे. क्षितिजापासूनची उंची हात ताठ धरून मुठीने मोजावी. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. धातूची वस्तू पडल्यास तिला हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे व पोलीस ठाण्यास कळवावे. दगड सापडल्यास तो धुऊ नये, फोडू नये. सापडलेल्या जागेसह त्याचे छायाचित्र घ्यावे, मग कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवून तहसील कार्यालयामार्फत नागपूर येथील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे. ताज्या अशनीवर बहुधा जळाल्यासारखे पातळ काळे कवच असते आणि तो आकाराच्या मानाने जड लागतो. लोहचुंबक लावून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो, तो आवरावा. एक तर आपला काळा पाषाणही चुंबकास थोडाफार ओढला जातो, त्यामुळे काही सिद्ध होत नाही. दुसरे म्हणजे अशनीत साठलेली प्राचीन चुंबकत्वाची नोंद त्या स्पर्शाने पुसली जाते.

हौशी माणसाच्या नोंदीस किंमत कोण देणार, असे कोणी विचारील. २०१९ मध्ये आपला 'विक्रम' चंद्रावर आदळला. त्याचे अवशेष अमेरिकी यानाने काढलेल्या छायाचित्रांत प्रथम ओळखले ते चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने. ते अवकाश संस्थेच्या नोकरीत नव्हते. आदळण्यापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून त्यांनी रात्रीमागून रात्री ताडून पाहिले आणि अमेरिकी अवकाश संस्थेने त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या शोधाचे श्रेय जाहीरपणे दिले.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, पर्जन्याची आकडेवारीही काही ठिकाणी ठेवली जाते. त्यांच्या शेजारी दोनशे पानांची आणखी एक वही ठेवावी व तिच्यावर 'आकाशनोंद' असे लिहावे. रकाने पाचच असावेत: तारीख, वेळ, दिशा, किती सेकंद आणि पाहणाऱ्याचे नाव. शाळेतील विज्ञान शिक्षकाने महिन्यातून एकदा ती पाहावी. पहिल्या दहा वह्या मी सोबत आणल्या आहेत, त्या सभापतींच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्या सरपंचांना हव्या असतील त्यांनी जाताना न्याव्यात. आणि मार्चमध्ये परिषदेच्या आठवड्यात आम्ही संध्याकाळी सात वाजता बसू, तेव्हा येणाऱ्याने इंग्रजीची भीती न बाळगता यावे. न कळणाऱ्या ओळी आम्हांलाही पुष्कळ आहेत.