हत्यार हाती आले, मालकी कोणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘उत्पादनसाधनांची मालकी’ हे शब्द मी अध्यापक म्हणून वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. निवृत्तीनंतर ‘मेकर चळवळी’कडे लक्ष गेले, तेव्हा तोच जुना प्रश्न नव्या वेषात समोर उभा असलेला दिसला. लागणारी वस्तू स्वतः घडवावी आणि ती कशी घडविली हे सर्वांना मोकळेपणाने सांगावे, हे या चळवळीचे सूत्र होय.

एकच उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी २००५ साली ‘रेपरॅप’ प्रकल्प सुरू केला. वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देऊन वस्तू घडविणारे, स्वतःचेही कितीतरी सुटे भाग घडवू शकणारे असे हे यंत्र. त्याचे आराखडे त्यांनी जगाला खुले केले. देशोदेशीच्या हौशी कारागिरांनी ते यंत्र बांधले, सुधारले आणि त्या सुधारणाही सर्वांच्या स्वाधीन केल्या.

पुढे काय झाले? या पद्धतीचे मूळ पेटंट ‘स्ट्रॅटासिस’ या अमेरिकन कंपनीकडे होते. त्याची मुदत २००९ मध्ये संपली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘मेकरबॉट’ ही कंपनी निघाली. रेपरॅपच्या खुल्या ज्ञानावर तिने आपले यंत्र उभे केले. प्रारंभी तिचेही आराखडे खुले होते. परंतु २०१२ मध्ये नव्या यंत्राचे आराखडे तिने स्वतःपाशीच ठेवले, आणि २०१३ मध्ये स्ट्रॅटासिसनेच सुमारे ४० कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन तिला विकत घेतले. सर्वांनी राखलेल्या गायरानावर पोसलेली गाय एकट्याने बाजारात विकावी, तसे हे झाले.

कोणी विचारील, भांडवल गुंतविणाऱ्याने नफा घेऊ नये काय? यंत्र विकून जरूर घ्यावा. पण सामुदायिक श्रमाचे ज्ञान फुकट उचलावे आणि त्यात घातलेली भर मात्र तिजोरीत ठेवावी, हा व्यवहार न्याय्य नव्हे. रेपरॅपचे मूळ आराखडे आजही सर्वांचे आहेत. कारण ‘पुढे देताना हे खुलेच ठेवावे’ अशी अट त्यांना जोडलेली होती. नुसत्या सद्‌भावनेने सामायिक संपत्ती टिकत नाही. तिला नियमाचे पाठबळ लागते.

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेली ग्रामीण मुले तेथे हातांनी काम करीत शिकू लागली. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ही उभी राहिली. सरकारी पैशातून शाळाशाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या, त्या २०१६ नंतर.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या तालुक्यातील अशा प्रयोगशाळेत जा. शाळा सुटल्यावर तिचे दार सुताराला, लोहाराला, वायरमनला उघडते काय, आणि तेथे घडलेल्या वस्तूचे आराखडे सर्वांना मिळतात काय, हे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर आपल्या कामाला तेथूनच सुरुवात करा.