मोटारगाडीची घरची निगा : काय करावे, काय टाळावे
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात चारोटी येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, शिष्यवृत्ती निधी, वधूवरांची सूची अशा विषयांवर विचारविनिमय करण्याची आपल्या मेळाव्याची प्रथा आहे. अशा सभेपुढे मोटारगाडीच्या निगेवर बोलावयास उभे राहणे म्हणजे विषयांतर होय, असे कोणास वाटल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाही. परंतु सभामंडपाबाहेर दृष्टी टाकली असता या विषयाचे प्रयोजन आपोआप ध्यानी येईल. एका पिढीपूर्वी आपल्या ज्ञातीत मोटार बाळगणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि ती मोटार म्हणजे बहुधा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली जुनी फियाट असे. आज साधी गाडी तर घरोघर आहेच; शिवाय मर्सिडीज, बी.एम.डब्ल्यू., ऑडी अशा उंची गाड्याही आपल्या कुटुंबांत आल्या आहेत. हे वैभव कष्टाने मिळविलेले आहे व त्याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र वस्तू घरी आली की तिची निगा राखण्याचे ज्ञानही तिच्या मागोमाग घरी आले पाहिजे.

आपण जमलो आहोत ते चारोटी मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मोक्याचे ठिकाण आहे. डहाणूकडे व जव्हारकडे जाणारे रस्ते येथे महामार्गास मिळतात. विवळवेढ्याची महालक्ष्मी येथून जवळच आहे. याच चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी टाटा सन्स या संस्थेचे माजी अध्यक्ष श्री. सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. उदवाड्याहून मुंबईस परतताना त्यांची मर्सिडीज गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. पुढे बसलेली दोघे गंभीर जखमी होऊनही वाचली. मागे बसलेल्या दोघांचा अंत झाला. मागे बसलेल्या दोघांनी सुरक्षापट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

दिवंगतांविषयी पूर्ण आदर राखून आम्ही या घटनेचा उल्लेख करीत आहोत, कारण तीत आपणां सर्वांस धडा आहे. गाडी कितीही मौल्यवान असो, तिच्यातील संरक्षणाची साधने माणसाने स्वतः वापरली तरच उपयोगी पडतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अकस्मात थांबली तरी पट्टा न बांधलेला मनुष्य त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे २५ मीटर उंचीवरून, अर्थात आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा हा नियम त्या अपघातापूर्वीपासूनच होता, व २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो मोडल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूदही झाली होती. नियम होता, पट्टाही होता. उणीव होती ती सवयीची.

म्हणून घरच्या निगेतील पहिले काम आम्ही इंजिनाचे सांगत नाही, मागच्या आसनाचे सांगतो. आपण हौसेने आसनांवर जाड आच्छादने शिवून घेतो आणि पट्ट्याची खाच त्यांखाली दडपली जाते. मग प्रवासाच्या वेळी ती कोणास सापडत नाही. आज घरी गेल्यावर त्या तिन्ही खाचा वर काढून ठेवाव्या. प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून कोठे विरला, कापला किंवा उसवला आहे काय ते पाहावे. हिसका दिला असता तो जागीच अडकला पाहिजे व सोडताच आपोआप आत गेला पाहिजे. पट्टा मळला असल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने पुसावा. रंग उडविणारी तीव्र द्रव्ये लावू नयेत, कारण त्यांनी धाग्यांचे बळ जाते. आसनाच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तेथे घट्ट आच्छादन घालू नये. एअरबॅग उघडण्याची वाट त्याने अडते. पट्ट्याची सूचना देणारी घंटी बंद करण्यासाठी खाचेत अडकविण्याची खोटी पट्टी बाजारात मिळत असे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा पट्ट्यांची इंटरनेटवरील विक्री थांबविण्याचे आदेश दिले. आपल्या गाडीत ती असेल तर आजच फेकून द्यावी.

दुसरे काम टायरांचे. टायरमधील हवा गाडी थंड असताना, म्हणजे प्रवासापूर्वी, मोजावी. योग्य दाब किती हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर अथवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते; गाडी माणसांनी व सामानाने भरलेली असताना लागणारा दाबही तेथेच बहुधा वेगळा दिलेला असतो. टायरच्या कडेवरील चार आकडी अंक त्याचे वय सांगतो. २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आले म्हणजे खाच केवळ १.६ मिलिमीटर उरली व टायर बदलण्याची वेळ झाली. अनेक उंची गाड्यांत जादा चाक नसते. त्याऐवजी हवा गेल्यावरही थोडे अंतर चालणारे टायर असतात. परंतु ते साधारण ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत ८० किलोमीटरपर्यंतच नेतात. पंक्चर झाल्यावरही गाडी चालते म्हणून पुढे मुंबई गाठू, असा हिशेब कोणी करू नये.

तिसरे काम पावसाळ्याचे. आपल्या या भागात पाऊस मुसळधार पडतो. ज्या गाडीच्या छतास सरकती काच असते, त्या गाडीत पाणी वाहून जाण्यासाठी चारी कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरविलेल्या असतात. पाने व माती साचून त्या तुंबल्या की पाणी छतातून आत झिरपते, गालिच्याखाली साठते व तेथील विजेची यंत्रणा निकामी करते. मृग नक्षत्रापूर्वी छतावरील खाच स्वच्छ पुसून तीत पेलाभर पाणी हळूच ओतावे व ते गाडीखाली पडते की नाही हे पाहावे. एवढ्या दहा मिनिटांच्या कामाने पुढचा मोठा खर्च वाचतो. वायपरची रबरे, काच धुण्याचे पाणी, सर्व दिवे आणि आतील हवा गाळणारी जाळी यांची देखभालही गृहस्थाने स्वतः करण्याजोगी आहे. मात्र गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर पुन्हा चालू करण्याचा हट्ट कदापि धरू नये. पाणी दाबले जात नाही. ते इंजिनात शिरले असताना इंजिन फिरविले तर आतील लोखंडी दांडे वाकतात.

आता धोक्याच्या गोष्टींकडे वळू. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, व तो माणसास शुद्धीवर येण्याची संधी देत नाही. इंजिन गरम असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने ते उसळून तोंड भाजते. त्यात घालावयाचे रंगीत द्रव्य चवीस गोड पण विषारी असते. ते लहान मुलांच्या व जनावरांच्या वाटेत सांडू देऊ नये. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे व बसविताना ते शेवटी जोडावे, आणि जवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. पुष्कळ नव्या गाड्यांत बॅटरी बदलल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. ते काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. सपाट व कठीण जमीन, उरलेल्या चाकांस उटी, आणि गाडीच्या नेमून दिलेल्या जागी लोखंडी स्टँड, एवढे झाल्याशिवाय हातही खाली घालू नये. उंची गाड्यांपैकी कित्येकींत स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात व गाडी आपली उंची आपोआप बदलते. उचलण्यापूर्वी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती क्रिया बंद करावी लागते. चाक बदलल्यावर नट समोरासमोर अशा क्रमाने आवळावे व पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावे.

काही गोष्टींस तर घरी स्पर्शही करू नये. पिवळ्या रंगाची जोडणी बहुधा एअरबॅगची अथवा पट्टा खेचणाऱ्या यंत्राची असते. तीत स्फोटक द्रव्य असून पापणी लवण्यापूर्वी ते काम करते. नारिंगी रंगाच्या तारा हायब्रिड व विजेच्या गाड्यांत असतात. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. या तारांत ४०० व काहींत ८०० व्होल्टपर्यंत वीज असते. डिझेल इंजिनाच्या इंधननळीतील दाब दोन हजार बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधील हवेच्या सुमारे नऊशे पट. तिच्यातून सुटलेली सूक्ष्म धार कातडी भेदून आत शिरते. ब्रेकच्या द्रव्याची पातळी डोळ्यांनी अवश्य पाहावी. परंतु ते हवेतील ओल शोषते म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, व हे काम आणि ब्रेकची इतर कामे मेकॅनिकच्याच हाती सोपवावी. विजेवर चालणाऱ्या हातब्रेकची रचना वेगळी असते. ती न जाणता केलेली दुरुस्ती पुढच्या वळणावर कुटुंबाचा घात करील.

या सर्वांवरून आमचे तरुण म्हणतील की, मग घरी करावयाचे उरले काय? आम्ही म्हणतो, बरेच उरले. जुन्या फियाटचा कार्बुरेटर खोलून साफ करणारे आपले वडील आज असते तर त्यांनी नव्या इंजिनास कदाचित हात लावला नसता. पण टायर, पट्टे, दिवे व पाणी यांची रोजची दखल त्यांनी सोडली नसती. त्यांचे कौशल्य गाडी खोलण्यात होते, त्याहून अधिक ते गाडीकडे रोज पाहण्यात होते. आपल्याच गाडीची दुरुस्ती आपल्या पसंतीच्या ठिकाणी करून घेण्याचा हक्कही आता मान्य होऊ लागला आहे. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, परंतु प्रश्नास तोंड फुटले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे पोर्टलही सुरू केले. हक्क मिळाला म्हणजे ज्ञान मिळाले असे मात्र होत नाही. गाडीसोबत आलेले जाडजूड पुस्तक कपाटात ठेवण्यासाठी नसून वाचण्यासाठी आहे, एवढे तरी आपण ध्यानी धरावे. इंटरनेटवरील एखादे चित्रण पाहून काम अंगावर घेण्यापूर्वी ते आपल्याच गाडीच्या जातीचे व सालचे आहे काय, हे या पुस्तकाशी ताडून पाहावे.

आमची या मेळाव्यास एक नम्र सूचना आहे. प्रत्येक कुटुंबाने महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अर्धा तास गाडीसाठी द्यावा. टायर, दिवे, पाणी, काच, पट्टे एवढेच पाहावे. मुलास व मुलीस, दोघांनाही, सोबत घ्यावे. तपासलेल्या गोष्टी एका वहीत तारखेसह लिहाव्या. ज्या कामाविषयी मनात शंका येईल ते त्या दिवशी करू नये. माहीतगारास विचारून मग करावे. शंका येणे हा कमीपणा नव्हे, तो शहाणपणाचा आरंभ आहे.

शेवटी एक गोष्ट भगिनींस विशेषत्वाने सांगावयाची आहे. आपल्या घरी वडीलधाऱ्यांस, माहेरवाशिणीस, पाहुण्यांस मागच्या आसनावर मानाने बसविण्याची चाल आहे. पुढे बसलेला पट्टा बांधतो आणि ज्यांचा मान करावयाचा ते मागे मोकळे बसतात, हा कसला मान? "जवळच तर जायचे आहे", "पट्ट्याने लुगडे चुरगळते", अशी कारणे ऐकू आली तर घरातील सुनेने किंवा नातवाने तो पट्टा स्वतःच्या हाताने त्यांस बांधून द्यावा. पायांवर डोके ठेवून नमस्कार करण्याइतकाच तोही आदर आहे. आज परतीच्या वाटेवर सूर्येचा पूल लागेल. तो ओलांडण्याच्या पुष्कळ आधी, येथल्या अंगणातच, प्रत्येक गाडीतील प्रत्येक पट्टा बांधला गेला, तर आमच्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.