गाडी नेमकी केव्हा बंद पडते?

सिग्नलला उभी राहिली की थरथरणारी, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच गचके खाणारी आणि शेवटी बंदच पडणारी पेट्रोल गाडी दुरुस्तीला नेली जाते, तेव्हा मालक सांगतो ते एवढेच की ‘गाडी मिसिंग मारते’, आणि गॅरेजमध्ये ऐकून घेतले जाते तेही एवढेच. मग प्लग बदलले जातात, त्याने भागले नाही तर कॉइल, कॉइलनेही भागले नाही तर टाकीतला फ्युएल पंप, आणि बिलाचा आकडा वाढत गेला तरी दोष जागच्या जागी राहतो. यात कोणाचा हेतू वाईट असतोच असे नव्हे. दुरुस्तीसाठी लागणारी सर्वांत स्वस्त गोष्ट, म्हणजे गाडी नेमकी केव्हा बंद पडते याची नोंद, कोणीच केलेली नसते. आणि प्रस्तुत भाषणाचा सारा भर या एकाच ‘केव्हा’वर आहे.

आयडलिंग म्हणजे गिअर न्यूट्रलमध्ये आणि ॲक्सिलरेटर मोकळा असताना इंजिनाने स्वतःला फिरते ठेवण्याची स्थिती. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत, इंजिन तापल्यावर, ही गती मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेऱ्यांची असते. ही स्थिती किती नाजूक असते हे समजण्यासाठी घराघरांतून आता दिसेनासा झालेला पंपाचा स्टोव्ह आठवावा. मोठ्या आचेवर तो भरभर पेटलेला असताना दारातून आलेली झुळूक त्याचे काही बिघडवू शकत नाही, पण आच अगदी बारीक केली की तीच झुळूक ज्योत विझवून टाकते. ऐंशीच्या वेगाने बिनतक्रार धावणारी गाडी सिग्नलला मात्र का बंद पडते, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर इथेच आहे. वेगात लपून राहणारा दोष बारीक आचेवर उघडा पडतो.

ही झुळूक किती लहान असू शकते हे आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. इंजिनात जाणारी हवा थ्रॉटल नावाच्या झडपेतून जाते, आणि ॲक्सिलरेटर मोकळा असताना ती झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढत राहतात आणि झडप ती येऊ देत नाही, त्यामुळे झडपेच्या पुढच्या नळकांड्यात, ज्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात, दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक तृतीयांश इतका उतरतो. यालाच गॅरेजच्या भाषेत व्हॅक्यूम म्हणतात. एक लिटरचे इंजिन या स्थितीत मिनिटाला ढोबळमानाने सव्वाशे ते दीडशे लिटर हवा घेते, तर पूर्ण जोरात तेच इंजिन दोन हजार लिटरच्या घरात जाते. आता मॅनिफोल्डला जोडलेल्या एखाद्या रबरी नळीला दीड-दोन मिलिमीटरचे भोक पडले, तर तेवढ्यातून मिनिटाला वीस लिटर किंवा त्याहून अधिक हवा आत शिरू शकते. पूर्ण जोरात ही भर शेकडा एकाच्या आसपास असती. प्रत्यक्षात थ्रॉटल उघडताच व्हॅक्यूमच ओसरतो, म्हणून ती तेवढीही राहत नाही. आयडलिंगला मात्र ती सातव्या हिश्शाइतकी होते, आणि एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे ज्वलनाचे प्रमाण ढळते. मोजमापाबाहेर शिरणाऱ्या या हवेला एअर लीक म्हणतात. ती शोधण्यात खर्च जवळपास नसतो, आणि बहुधा म्हणूनच ती सर्वांत शेवटी शोधली जाते.

इथे पुन्हा ‘केव्हा’कडे वळावे लागते. ब्रेक दाबल्यावरच इंजिनाची गती ढासळत असेल, तर ब्रेक बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा, आणि त्याची नळी यांवर पहिला संशय घ्यावा. टाकी भरून पंपावरून निघताना गाडी बंद पडत असेल, तर टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी पर्ज झडप उघडीच राहिली आहे काय ते तपासावे. एसी लावताच किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताच इंजिन गुदमरत असेल, तर वाढलेला भार पेलण्यापुरती जादा हवा त्याला मिळत नाही असे समजावे, आणि याचे नेहमीचे कारण म्हणजे थ्रॉटलच्या कडेला साचलेला काळा चिकट थर. तो योग्य फवाऱ्याने आणि मऊ फडक्याने निघतो. परंतु इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत झडप हाताने जोर लावून उघडू नये, आणि सफाईनंतर नियंत्रक संगणकाला, म्हणजे ईसीयूला, आयडलिंगची स्थिती नव्याने शिकवावी लागते. तसे न केल्यास साफ केलेली गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि दोष सफाईच्या माथी मारला जातो.

थ्रॉटल मिटण्याची हद्द ठरवणारा स्क्रू पिळून ‘आयडलिंग वाढवून देण्याची’ जुनी सवय याच जातीची आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरवर असा स्क्रू फिरवणे हा देखभालीचाच भाग होता. इंधन इंजेक्शनच्या गाडीत तो कारखान्यात बसवून दिलेला असतो आणि त्याला हात लावणे म्हणजे दोष तसाच ठेवून त्याचा आवाज बंद करणे होय.

थंड आणि गरम हा भेद तर सर्वांत मोलाचा आहे, आणि तो सांगितल्यावाचून गाडी गॅरेजमध्ये सोडून येणाऱ्या मालकांना थोडा दोष द्यायलाच हवा. पंपाच्या स्टोव्हचा बर्नर नीट तापण्यापूर्वी पंप मारला की रॉकेलची वाफ न होता पिवळा भडका उडतो. थंड इंजिनातही पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून ईसीयू सकाळी जादा पेट्रोल देतो आणि किती द्यायचे ते कूलंटचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरवरून ठरवतो. हा सेन्सर थंड इंजिनाला तापलेले समजला, तर सकाळी गाडी दोनतीनदा बंद पडून मग सुरळीत होते; उलट तापलेल्या इंजिनाला थंड समजला, तर प्लग कोरड्या काजळीने काळे होतात आणि गाडी दुपारी त्रास देते. अर्धा तास चालून बंद पडणारी, वीस मिनिटे उभी ठेवल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होणारी गाडी मात्र वेगळीच गोष्ट सांगत असते: क्रँकशाफ्टची फिरण्याची स्थिती कळवणारा सेन्सर तापल्यावर मुका होतो, आणि त्याच्या खुणेवाचून ईसीयू ठिणगीही देत नाही व पेट्रोलही देत नाही. फ्युएल पंपाची मोटरही असेच करू शकते. त्यामुळे बंद पडलेल्या क्षणी चावी देऊन टाकीतून पंपाची बारीक घरघर ऐकू येते काय, एवढे पाहून ठेवले तरी तपास अर्ध्यावर येतो.

स्कॅनरविषयी गैरसमज फार आहेत. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर लावला की तो बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो अशी समजूत आहे, पण तो सांगतो लक्षण. पी ०३०१ या कोडचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते एवढाच. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की व्हॉल्व्हमुळे हे त्यात नसते, आणि पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून दोष कॉइलबरोबर सरकतो का हे पाहण्यास नवीन कॉइल विकत घ्यावी लागत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते. यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणे हे बातमी वाईट म्हणून वार्ताहर बदलण्यासारखे कृत्य सर्रास घडते.

स्कॅनरमधली खरी उपयोगी गोष्ट कोडमध्ये नसून फ्युएल ट्रिम या आकड्यात असते. धुरातला ऑक्सिजन पाहून ईसीयू ठरलेल्या पेट्रोलात जी शेकडा वाढ किंवा घट करतो, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि ढोबळमानाने ती दोन्ही बाजूंना दहाच्या आत असावी. तापलेल्या इंजिनात ती आयडलिंगला अधिक वीस असून २५०० फेऱ्यांवर अधिक तीनवर येत असेल, तर एअर लीक आहे. कारण झुळूक बारीक आचेलाच जाणवते. उलट आयडलिंगला ती ठीक असून जोर दिल्यावर वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो, म्हणजे फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर. स्टोव्हच्या टाकीतला दाब उतरला असता मोठी आच मिळत नाही तसे हे आहे. इथेही प्रश्न ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ हाच आहे. ज्या गाड्यांत हवा थेट न मोजता मॅनिफोल्डच्या दाबावरून ताडली जाते, त्यांत ही कसोटी थोडी फसवी ठरते: सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या गळतीने तिथे आयडलिंग ढासळण्याऐवजी उलट वाढते, आणि थरथर येते ती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी गॅस्केट फाटल्यावर. पण तो सारा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

गळतीची जागा शोधण्याची उत्तम रीत म्हणजे बंद इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये यंत्राने धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे. चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आवाज बदलतो का हे ऐकण्याची रीत प्रचलित असली, तरी तो द्रव अत्यंत ज्वालाग्राही असतो आणि तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो, हे विसरले जाते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्यापासून, त्या इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या इंधनवाहक रबरी नळ्या आणि सील वरचेवर पाहणे शहाणपणाचे आहे. कोकणाच्या खाऱ्या हवेत गंजलेली अर्थिंगची पट्टी आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायर ही दोन कारणे परदेशी पुस्तकांत ठळकपणे सापडत नाहीत, इकडे मात्र डोळ्यांनीच दिसतात. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा स्थिर असून केवळ गाडी हादरत असेल, तर इंजिन नव्हे, त्याखालचे रबरी माउंटिंग गेलेले असते.

मुंबई-पुण्याच्या सीएनजी गाड्यांच्या मालकांना तर निसर्गाने नव्हे, स्विचनेच एक उत्तम कसोटी दिली आहे, आणि ती वापरली जात नाही याचे नवल वाटते. गाडी गॅसवरच थरथरते, पेट्रोलवरच थरथरते, की दोन्हींवर? केवळ गॅसवर असेल तर दाब उतरवणारा रिड्युसर, गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत. केवळ पेट्रोलवर असेल तर पंप आणि इंजेक्टर, आणि गॅस स्वस्त म्हणून टाकीत कायम तळापुरतेच पेट्रोल ठेवणाऱ्यांनी पंप का गेला याचा शोध अन्यत्र घेऊ नये. दोन्हींवर असेल तर दोष हवा, ठिणगी किंवा व्हॉल्व्ह यांत आहे, कारण या तिन्ही गोष्टी दोन्ही इंधनांना सामाईक आहेत. सीएनजीवर दीर्घकाळ चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट मिटते आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसेनासा होतो. अशा गाडीत कितीही प्लग बदलले तरी थरथर जात नाही, फटीचे माप घेतल्यावर मात्र तिचे कारण दिसते. कॉम्प्रेशनची तपासणी आणि टायमिंग बेल्टचा एखादा दात सरकणे यांविषयी इथे नामनिर्देशापलीकडे जाण्यास वेळ उरलेला नाही.

तेव्हा मालकांनी डॅशबोर्डच्या खणात कागद-पेन्सिल ठेवावी आणि गाडी बंद पडली की थंड की गरम, ब्रेकवर की नुसती उभी, एसी चालू की बंद, पेट्रोलवर की गॅसवर, एवढे त्याच जागी लिहावे. अर्थात गाडी कडेला घेतल्यावर, कारण इंजिन बंद पडताच ब्रेक एक-दोन दाबांनंतर कडक होतो आणि स्टिअरिंग जड होते. हा कागद मेकॅनिकच्या हाती द्यावा, आणि तो न वाचताच कोणी प्लगचा पाना उचलला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. दोष केवळ सकाळी थंड इंजिनात दिसत असेल, तर गाडी सकाळी चालवत नेऊन उपयोग नाही. ती आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये उभी करावी आणि पहिल्यांदा सुरू करताना मेकॅनिकने समोर असावे.