जोडीदाराच्या वतीने कोणी बोलावे?



सावेडीच्या या सभेसाठी आम्ही मुद्दाम अवघड विषय घेतला आहे. नवऱ्याला अपघात होतो, मेंदूला मार लागतो, व्हेंटिलेटर लावावा लागतो. पंधरा दिवसांनी डॉक्टर बायकोला विचारतात, "मशीन ठेवायचे की काढायचे?" त्या माउलीने काय सांगावे?

आपल्या देशात या प्रश्नाची मोठी चर्चा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून उभी राहिली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. ठरलेले लग्न राहून गेले. पुढे जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाताईंचा मेंदू मृत नव्हता, श्वास स्वतःचा होता. शिवाय ज्या परिचारिकांनी त्यांना वर्षानुवर्षे भरवले, पुसले, कूस बदलून दिली, त्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क न्यायालयाने रुग्णालयातल्या या सेवेकऱ्यांचा मानला. आम्हाला त्या निकालातली हीच गोष्ट मोठी वाटते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या.

त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २४ जानेवारी २०२३ रोजी रीत सोपी झाली: डॉक्टरांची दोन मंडळे तपासतात, घरच्यांची संमती घेतात, दंडाधिकाऱ्यांना कळवतात.

ही माहिती नसल्याने पुष्कळ घरे 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून रुग्णाला घरी आणतात, आणि तो शेवटचा श्वास तळमळत घेतो. मग बाईला जन्मभर वाटत राहते, मीच मारले. (असे बोलणारे भाऊबंद बिल भरायला येत नाहीत, तो भाग वेगळा.)

यात पहिल्या शीलाचा भंग होतो का? धम्मात कर्म चेतनेने ठरते. विषाचे इंजेक्शन देणे हा गुन्हाच. ज्या उपचाराचा उपयोग उरला नाही तो थांबवून वेदनाशामक चालू ठेवणे, यात मारण्याची चेतना कुठे आहे? मात्र अरुणाताईंसारखा रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, तर प्रश्न इतका सरळ राहत नाही, हेही आम्ही सांगतो.

बायकोला 'तुला काय हवे' हे विचारणेच आम्हाला क्रूर वाटते. 'त्यांना काय हवे होते' हे विचारावे. त्याचे उत्तर धडधाकट असताना लिहून ठेवता येते. वय अठरा पूर्ण हवे, दोन साक्षीदार हवेत, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावेही त्यात घालता येतात. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी.